गरुडमामाच्या सुया

पार्वती : एवढंच सांगा, कलाबाई. घेतल्या होत्या का नव्हत्या?

कलाबाई : घेतल्या होत्या. किती वेळा विचारशील?

पार्वती : चौदाच्या चौदा? पोटात?

कलाबाई : पोटात नाही तर काय पाठीत? माझा माणूस जाऊन आज तिसरा दिवस. पोरगा योगराज त्याच्या काकासंगे राख सावडायला तापीवर गेला. अन् तू माझ्या उंबऱ्यावर उभी राहून सुया मोजतेस.

पार्वती : हौस न्हाई हो माय. माझ्या सुवर्णानं कालची सुई घेतली न्हाई. आजची बी घेत न्हाई. पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसलीय. वढून काढाया गेले तर चावली मला.

भूपेंद्र : चावली म्हणजे रागानं, वहिनी. तसलं नाही. घाबरू नका.

कलाबाई : मी कशाले घाबरू?

भूपेंद्र : 'चावली' म्हटल्यावर तुमचा पदर तोंडाशी गेला, म्हणून म्हटलं.

कलाबाई : भूपेंद्रभाऊ, तू लोकांच्या घरात केबलची वायर टाकतो, तेवढीच टाक. नजर टाकू नको.

भूपेंद्र : वायरीमागोमाग नजर जातेच. कोणाच्या घरी भांडण झाकायला टीव्ही मोठा होतो, कोणाच्या घरी एकटं वाटतं म्हणून चालू राहतो, सगळं कळतं. आणि बमरोलीच्या या घरांच्या लाइनीत रविवारी नऊला पोरांचा आवाज कोणामुळे बंद व्हायचा, तेही. आज नऊला मी पडदा काळा ठेवला. पोरं खाली उभीच आहेत. 'कधी लावणार' म्हणून एकानं विचारलं नाही.

कलाबाई : दिसली खिडकीतून. बापांचे टॉवेल घेऊन आलीत.

भूपेंद्र : दर रविवारी गळ्यात बांधून यायची, पंख म्हणून. आज घड्या करून छातीशी धरलेत. कोणी शिकवलं नाही. मोठ्यांचं म्हणाल तर सुपडूशेट दुकानाच्या ओट्यावर डोळे पुसतोय, कारण आजूबाजूचे पुसतात. छगन मुकादम रडतोय, कारण निंबाभाऊ गेल्यावर त्यांच्या सांच्यावर, मागावर, रात्रपाळीला उभा कोणाला करायचा हा त्याला पेच आहे. पोरांचं रडणं तेवढं बिनहिशेबी.

पार्वती : माझी तर रडत बी न्हाई. त्याचंच भेव वाटतंय मला.

कलाबाई : टीव्हीतल्या चित्रासाठी एवढं? योगराजचे बापू तर कोणाले दिसायचे पण नाहीत.

भूपेंद्र : चित्र मुकं होतं, वहिनी. इंग्रजी कॅसेट. तो उडणारा गडी काय बडबडतो ते मला कळत नव्हतं, निंबाभाऊला तर नाहीच. मी त्याचा आवाज बंद करायचो आणि माइक भाऊपुढे सरकवायचो. रात्रभर सांच्यांच्या खडखडाटात ओरडून आलेला माणूस, केसांत तंतू अडकलेले, नाश्ता नाही, काही नाही. राक्षस आग ओकतोय आणि आमचा गरुडमामा त्याला म्हणतोय, 'आधी तोंड धुईसन ये.' माझ्या गुजराती गिऱ्हाइकांची पोरंसुद्धा गच्चीवरून अहिराणीत ओरडायची, 'वर देख, मी शे!'

पार्वती : आम्ही परभणीकडले, आमचं 'मी हाय'. तरी माझी झोपंत म्हणायची, 'मी शे, मी शे'.

कलाबाई : घरात तर दोन शब्द बोलायचे नाहीत. मीठ पाहिजे तर बोट दाखवायचे.

भूपेंद्र : सगळं माझ्या माइकमध्ये ओतून यायचे ना.

कलाबाई : आता गेलं. कावीळ झाली, गेलं. पार्वती, तू पोरीले सांग. गरुडमामाले कावीळ झाली म्हणावं. सुयांचा काही संबंध नाही.

पार्वती : सांगितलं की. काल दिवसभर तेच सांगितलं. न्हाई पटत तिला. आता तुम्हीच बघा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी कुत्र्यानं धरलं तिला. डॉक्टर म्हणले, रोज एक सुई, चौदा दिवस, मधी खाडा चालायचा न्हाई. पहिल्या सुईला चौघांनी धरली तरी टेबलाखाली घुसली. मग मी निंबादादाकडं आले. इथंच, ह्याच उंबऱ्यावर. म्हणलं, उद्या टीव्हीतून माझ्या लेकराला दोन शब्द सांगा.

कलाबाई : आठवतं मले.

पार्वती : दुसऱ्या दिवशी गरुडमामा बोलला. 'सुवर्णा, मले बी कुत्रं चावलं होतं. मी चौदा सुया घेतल्या, म्हणून तर उडतोय. पोट सैल सोड अन् वर देख.' तवापासून माझ्या आधी चप्पल घालून तयार. शुक्रवारी दादा गेले. शनिवारी मला म्हणती, मामानं चौदा घेतल्या तरी तो मेला. मग सुईनं काय होतं? मी बी मरणारच हाय, तर कशाला टोचून घेऊ?

कलाबाई : लेकरू शे. विसरेल.

पार्वती : इसरायला वेळ कुठं हाय? काल मी एकटी दवाखान्यात जाऊन विचारून आले. डॉक्टर चिडले. म्हणले, आजच्या आज आणा, ह्या रोगाला मागनं औषध न्हाई. म्हणून विचारते. दादांना खरंच चावलं होतं का? का पोरीचं मन राखायला बोलले?

कलाबाई : मन राखायला.

पार्वती : मग आत्ताच म्हणलात की चौदाच्या चौदा घेतल्या.

भूपेंद्र : वहिनी, बसा तुम्ही. उभ्यानं खोटं बोलायला पाय घट्ट लागतात.

कलाबाई : तू जा, भाऊ. हात जोडते.

भूपेंद्र : जाईन. आधी एक सांगतो, पार्वतीबाईंनाही सांगितलेलं नाही. त्या रविवारी सुवर्णा माझ्या केबलच्या खोलीतच होती. भाऊच घेऊन आले होते, स्टुलावर शेजारी बसवली. गरुडमामा कोण आहे ते साऱ्या पोरांत तिला एकटीला दाखवलं; बाकीच्यांना भाऊ गेल्यावरच कळलं. तिला सांगायचं ते सांगून झालं आणि भाऊचा घसा बसला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी ग्लासाकडे असं बघितलं, जणू मी साप धरलाय. गळ्याची शीर उडायला लागली. ग्लास भिंतीवर गेला.

कलाबाई : घसा दुखत होता.

भूपेंद्र : मशीन तापतं म्हणून मी छोटा पंखा ठेवतो. त्याचा वारा लागला तरी अंग आखडत होतं. बंद कर म्हणाले. राहिलेलं चित्र मात्र पूर्ण बोलले, शेवटच्या 'मी शे' पर्यंत. पोरीनं हे सगळं पाहिलं.

पार्वती : पाण्याला भ्याले?

कलाबाई : नाही.

पार्वती : दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलंय ते. मला वाचता येत न्हाई, सुवर्णानंच वाचून दाखवलं होतं. कुत्रं चावलेलं माणूस पाण्याला भितं, वाऱ्याला भितं, अन् मग...

कलाबाई : बघ. बघितलं, भूपेंद्र? सरकली मागे. उंबऱ्यावर होती, आता बाहेर ओट्यावर गेली. माझ्याच डोळ्यांदेखत गेली. म्हणून बोलत नव्हते मी.

पार्वती : न्हाई माय, मी आपली...

कलाबाई : तुझं काही चुकलं नाही. सगळे हेच करतील. प्लेगच्या साली आम्ही सुरतेहून गावाले पळालो, तर माझ्या सख्ख्या भावानं गावाबाहेर मळ्यात बसवलं. भाकर लांबून फेकायचा. तेव्हा आम्हांले काही झालं पण नव्हतं. आता तर झालंय. उद्या या लाइनीत कळलं की निंबा कुत्र्याच्या विषानं गेला, तर योगराजसंगे कोण खेळेल? नळावर माझी बादली कोण लागू देईल?

भूपेंद्र : चावलं कधी होतं?

कलाबाई : दिवाळीच्या आत. रात्रपाळीहून येताना खाडीच्या पुलावर. पोटरीले. दवाखान्यात गेले होते. रांगेत उभे राहिले. पुढच्या माणसाच्या पोटात जाताना ती सुई दिसली, तसे घरी आले.

पार्वती : घाबरून?

कलाबाई : घाबरून. गरुडमामा. भेस्तानच्या एका बुवानं गुळात कसली मुळी दिली, ती खाल्ली. जखम भरली. आम्ही विसरलो.

भूपेंद्र : आणि पोरीला सांगितलं, चौदा घेतल्या.

कलाबाई : त्या रविवारी घरी आले अन् मले म्हणे, 'कला, आज पोरीले खोटं बोललो. उद्या जाऊन खरंच घेतो, म्हणजे खोटं राहणार नाही.' सोमवारी उठवेना. मंगळवारी अंघोळीची बादली पाहून किंचाळले. मग मी खिडकी लावली, मागल्या खोलीत ठेवलं, अन् विचारेल त्याले कावीळ सांगितली. दवाखान्यात नेलं असतं तर रोगाचं नाव फुटलं असतं. आता नेऊन उपयोग नाही एवढं मले कळत होतं.

भूपेंद्र : जवळ कोण होतं?

कलाबाई : मी. दुसरं कोण? लाळ सारखी गळायची. पदरानं पुसत होते. भांडी घासून हाताले चिरा पडलेल्या.

भूपेंद्र : योगराज?

कलाबाई : आधी दोन दिवस एका ताटात जेवला. भाऊ, असं नको बघू माझ्याकडे.

भूपेंद्र : वहिनी, या घरात आल्यापासून मी एक बघतोय. तुमचे ओठ फुटलेत. माठावर ताट आहे आणि ताटावर धूळ आहे.

पार्वती : पाणी पिलं न्हाई तुम्ही?

कलाबाई : तहान नाही.

पार्वती : कधीपासनं?

कलाबाई : शुक्रवारी अंघोळ घातली मले बायकांनी. तेव्हा डोळे मिटून घेतले. तेव्हापासून पाण्याकडे बघितलं नाही. बघितलं अन् गळा आवळला तर? योगराजचं काय होईल? न बघितलेलं बरं.

पार्वती : सरका. मला आत येऊ द्या.

कलाबाई : तू नको येऊ. लेकरं शेत तुले.

पार्वती : लेकरासाठीच आले. तांब्या कुठं हाय? ह्यो बघा, पाव तांब्या बी न्हाई भरला. धरा. मी बी धरते संगं.

कलाबाई : नको.

पार्वती : माझ्याकडं बघा, पाण्याकडं नका बघू. घोट घ्या.

भूपेंद्र : पंखा लावू का, वहिनी? थट्टा करतोय. प्या.

कलाबाई : गेलं.

पार्वती : अजून एक.

कलाबाई : गेलं. गेलं गं, पार्वती. खाली गेलं.

पार्वती : मग? न्हाई आवळला गळा. रडा आता. तीन दिवसांचं राहिलंय.

भूपेंद्र : रडणं रिक्षात होईल. वहिनी, आज गळा मोकळा आहे, म्हणजे तुमच्या आणि योगराजच्या सुयांची वेळ गेलेली नाही. भाऊनं काय काय चुकवलं ते तुम्ही पाहिलंत. नदीवरून योगराजला मी घेऊन येतो. तुम्ही टाकीमागे जा. त्या पोरीला दुसरं कोणी काढू शकणार नाही.

कलाबाई : तिले काय सांगू? तुझा गरुडमामा भित्रा होता?

भूपेंद्र : माझ्याकडे भाऊच्या आवाजाच्या कॅसेटी आहेत. म्हणाल तर त्यातली एक लावतो. पण त्यात तेच खोटं आहे, आणि ते त्याच आवाजात आहे. खरं फक्त तुमच्याकडे आहे.

पार्वती : भित्रा म्हणू नका. सुया घेतल्या न्हाईत, म्हणून गेला, तेवढंच सांगा.

कलाबाई : अन् लाइनीत?

भूपेंद्र : लाइनीतल्या घराघरांत ते खोटं माझ्याच वायरीतून गेलंय. कुत्रं काही एकच नाही इथं. पुढच्या रविवारी माइक तुमच्यापुढे ठेवीन. बोलायचं की नाही, तुम्ही ठरवा.

कलाबाई : आधी सुई. माइकचं मग बघू. पार्वती, टाकी कोणती? शाळेकडची?

पार्वती : शाळंकडची.

कलाबाई : चल. अन् तांब्या आण संगं. पुन्हा पिऊन बघते वाटेत.

(दवाखान्याचा व्हरांडा, त्याच दुपारी. बाकावर कलाबाई आणि सुवर्णा. योगराजला घेऊन भूपेंद्र आणि पार्वती आत गेले आहेत.)

सुवर्णा : म्हणजे मामानं एकपण नाही घेतली.

कलाबाई : एकपण नाही.

सुवर्णा : मग मला खोटं का सांगितलं?

कलाबाई : तू घ्यावी म्हणून.

सुवर्णा : राक्षसाला तर नव्हता भीत.

कलाबाई : राक्षस चित्रातला होता ना, माय. सुई खरी होती.

सुवर्णा : मी सात घेतल्या.

कलाबाई : हो?

सुवर्णा : मामापेक्षा सात जास्त.

कलाबाई : हो. सात जास्त.

सुवर्णा : त्यानं ग्लास फेकला ना, तेव्हा मला कळलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही.

कलाबाई : मी पण नाही सांगितलं.

सुवर्णा : मी घेतल्या तर मी पाण्याला नाही भिणार?

कलाबाई : डॉक्टर तसं म्हणतात. कालची चुकली, म्हणून आता एकपण चुकवायची नाही.

सुवर्णा : योगराज ओरडला नाही.

कलाबाई : नाही ओरडला.

सुवर्णा : तुला पण टोचणार?

कलाबाई : मले पण. सगळ्या.

सुवर्णा : तुझा हात किती गार आहे, मामी. तू भितेस?

कलाबाई : लई.

सुवर्णा : मग आधी मी जाते, तू नुसती बघ. मग तू. पोट सैल सोडायचं आणि वर देखायचं.

कलाबाई : वर काय शे?

सुवर्णा : काही नाही. पंखा आहे. तरी वर देख.