कॉफीला तोंड लावायचं नाही

...एकशे त्र्याहत्तर! नाही, नाही, हे यंत्राकडून करून घेता येतं असं मला कुणीही सांगू नका! माहीत आहे मला! अहो, यंत्राकडून करून घ्यायला गेलो म्हणून तर आज शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सगळं अम्मान जेवून आडवं झालेलं असताना, मी एकेक फाईल उघडतोय, एकेक ओळ पुसतोय... एकशे चौऱ्याहत्तर... तुम्हाला सांगतो, पाच मिनिटांचं काम होतं हो!

झालं काय, आमच्या कंपनीचं नाव बदललं. का बदललं? मालकाला विचारा! आता प्रोग्रामच्या प्रत्येक फाईलच्या डोक्यावर एक टीप असते, त्यात ते जुनं नाव. यंत्र ती टीप वाचत नाही, ती माणसांसाठी असते, आणि माणसं तर मुळीच वाचत नाहीत! फायली किती? तीनशे चाळीस. आमच्या बॉस खौला मॅडम परवा गुरुवारी, म्हणजे कालच हो, डोकंच चालेनासं झालंय... सकाळी म्हणाल्या, "निदाल, हे झाल्याशिवाय हलायचं नाही." आणि संध्याकाळी माझी मागणी! घरचे वीसेक पुरुष घेऊन मिस्बाहकाका लुजैनच्या घरी जाणार, तिचा हात मागणार, आणि नवरा मुलगा ऑफिसात? मी छाती काढून म्हटलं, "मॅडम, पाच मिनिटांचं काम!"

शेजारी फिरास बसतो. तो म्हणाला, "अर्ध्या तू घे, अर्ध्या मी घेतो, हातानं करू, जेवायच्या आत मोकळे." हातानं? अरे, हातानं करायचं तर इंजिनियर कशाला झालो? बारकीशी स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची यादी, लिहितो म्हटलं, ज्यात प्रोग्राम लिहितो तो एडिटर आपोआप सगळं बदलेल! लिहायला बसलो... तर कुठे टीप दोन ओळींची, कुठे पाच ओळींची, एकीत नाव उलटं, एकीला टीपच नाही! नऊचे अकरा, अकराचा एक... आणि हा फिरास दर अर्ध्या तासानं मान वाकडी करून, "काय रे, झाली का पाच मिनिटं?"

शेवटी सोपी युक्ती काढली. आमच्या एडिटरला एकदा करून दाखवलं की तो प्रत्येक बटण टिपून घेतो, त्याचीच स्क्रिप्ट बनते आणि बाकीच्या फायलींत तो तेच करतो. आज्ञाधारक हो! पण इतकंही आज्ञाधारक असू नये... तर मी त्याला करून दाखवतोय, जुनं नाव खोडलं, नवं लिहिलं, आणि त्याच स्क्रीनच्या कोपऱ्यात आईचा निरोप! "अरे, काकांना कॉफीचं सांगितलंस का?"

कॉफीचं म्हणजे काय, की मुलीकडचे समोर कॉफी ठेवतात आणि होकार मिळेपर्यंत ती प्यायची नसते. आमच्या चुलतभावाच्या वेळी मिस्बाहकाकांनी मागणी घालायच्या आधीच पिऊन टाकली! वर विचारतात, "वेलची कमी आहे का?" म्हणून मी घाईघाईनं टाईप केलं, "आई, पोरगी देतो म्हणेपर्यंत कॉफीला तोंड लावायचं नाही. आणि सगळ्यांना गोड बोलायला सांग, लुजैनचा बाप तिरसट म्हातारा आहे." तेवढ्यात आईचा फोनच आला, तेच सगळं तोंडी सांगितलं, फोन ठेवला, आणि दाबलं बटण... सर्रर्र! तीनशे चाळीस फायली, एका मिनिटात! फिरासकडे असं बघितलं, असं...

आता सांगा, मी टाईप केलेलं गेलं कुठं?

आईकडे नाही गेलं हो! टिपेत गेलं! तीनशे चाळीस टिपांत! आणि यंत्र टिपा वाचत नाही, त्यामुळे सगळीकडे हिरव्यागार खुणा, सगळं उत्तम! आमच्यात दुसऱ्या कुणीतरी तपासायचा नियम आहे. मॅडमनी पाठवलं कुणाकडे? आमच्याच टीममधल्या लुजैनकडे! रजेवर होती, घरी केस सेट करत बसली होती, म्हणाली असेल, बघते, पाच मिनिटांचं काम...

संध्याकाळी बैठक भरली. कॉफी आली. काकांनी हात मांडीखाली दाबून धरले. "अबू तमीम, आम्ही तुमची लेक मागायला आलोय." तिच्या बाबांनी खिशातून कागद काढला, लेकीनंच छापून दिलेला, चष्मा लावला, आणि वाचलं हो सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत! तिरसट म्हाताऱ्यासकट! म्हणाले, "तीनशे चाळीस वेळा लिहिलंय, म्हणजे मनापासूनच असणार."

काका माझ्याकडे बघतायत, मी कॉफीकडे. खरं सांगतो, दोन वर्षं मी त्या पोरीशिवाय एक दिवस धड जेवलेलो नाही, आणि एका ओळीपायी ती हातची चालली... तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज. लुजैनचा! कुठेही ओळखीन. मग म्हातारा म्हणाला, "मिस्बाह, घ्या कॉफी. तिरसट म्हातारा पोरगी देतोय. पण त्या सगळ्या ओळी पोरानं स्वतःच्या हातानं पुसायच्या. एकेक करून. माझ्यासमोर."

काकांनी कॉफी एका घोटात संपवली. म्हणाले, "वेलची कमी आहे."

एकशे पंच्याहत्तर... ते काय, सासरे समोर सोफ्यावर बसलेत, हातात गोड कुनाफ्याची बशी. मघाशी हळूच विचारलं, "बाबा, उरलेल्या उद्या केल्या तर?"

त्यांनी चमचा चाटला. म्हणाले, "उद्या कशाला, जावईबापू? पाच मिनिटांचं तर काम आहे!"