लीग मोडायला चार मतं

(मेलबर्नचं एक उपनगर. रविवारची दुपार, मैदानालगतची क्लबची खोली. ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलच्या (संघात अठराजण, गुण शेकड्यांत) लीगचे म्हातारे चिटणीस आयव्हर आणि एका क्लबचा अध्यक्ष कॉस्टा बसलेत. दुसऱ्या क्लबच्या अध्यक्ष मॉरीन आत्ताच बाहेरून आल्यात.)

मॉरीन : ...एवढं सगळं ऐकून घेतलं, मी नेलेला केक खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाला, नाही.

कॉस्टा : नाही म्हणजे?

मॉरीन : लीग बंद करायला आमच्या क्लबचा विरोध आहे. सहीनिशी दिलंय. हे बघ.

आयव्हर : सही आल्फचीच आहे. ‘फ’ला शेपूट काढायची त्याची जुनी खोड.

कॉस्टा : अगं, पण त्याचा क्लब मरून सव्वीस वर्षं झाली. गोलाचे खांब होते तिथं आता सुपरमार्केटात कोंबडी मिळते. आपण त्याला उकरून काढला तो ‘हो’ म्हणायला.

मॉरीन : तिथंच चुकलं ना. मी म्हटलं, आल्फ, तुमच्या क्लबला अजून मत आहे. तर म्हणतो, मत आहे म्हणजे क्लब आहे. लगेच काठी आपटत दिवाणखान्यात गेला. वृद्धाश्रमातल्या चौदा जणांनी सभासद म्हणून सह्या केल्या. एक नव्वदीच्या बाई खजिनदार झाल्या. दोघी मफलर विणायला बसल्यात. पहिला सामना घरच्या मैदानावर हवाय त्यांना, स्वयंपाकघरामागच्या हिरवळीवर.

कॉस्टा : चौदा?

मॉरीन : तुझ्यापेक्षा तीन जास्त.

कॉस्टा : माझे अकराच होते, पण खेळलो. अठरा लागतात हे मलाही माहितेय.

मॉरीन : खेळलास कसला. माझे सात उसने घेतलेस आणि त्या सातांनी आम्हालाच हरवलं. शेवटचा गोल माझ्या नवऱ्यानं मारला. वर मला विचारतो, बघितलास का.

कॉस्टा : छान मारला होता पण.

मॉरीन : तीन दिवस त्यानं स्वतःच्या हातचं खाल्लं.

आयव्हर : मुद्द्यावर या. घड्याळात साडेचार झालेत.

कॉस्टा : मुद्दा काय, जिवंत क्लब तीन. तिघांचंही मत, बंद करा; तिसऱ्यानं लेखी कळवलंय. कलमाला पाहिजेत चार. हे कलम लिहिलं कुठल्या शहाण्यानं?

आयव्हर : मी.

कॉस्टा : बरं.

आयव्हर : तेव्हा चौदा क्लब होते. शनिवारी मैदानाभोवती गाडी लावायला सकाळी नऊला यावं लागायचं. दोघा-तिघांनी भांडून लीग मोडू नये म्हणून चार लिहिलं. मोडायला चारजण मिळायचे नाहीत, हे कुणाच्या स्वप्नात होतं?

कॉस्टा : आणि क्लब बुडाला तरी त्याचा एक आजीव सभासद जगात असेल तर मत शाबूत, हे?

आयव्हर : ते जरा भावनेच्या भरात लिहिलं.

मॉरीन : आयव्हर, पलीकडच्या लीगवाल्यांनी मला आज परत फोनवर बजावलंय. पाचच्या आत तुमची लीग रीतसर बंद झाल्याचा कागद द्या, नाहीतर यंदा प्रवेश नाही. माझ्याकडं एकशे चाळीस पोरं आहेत. या लीगमध्ये त्यांनी खेळायचं कुणाशी? कॉस्टाशी?

कॉस्टा : मी पोरांपुढं हरायला तयार आहे.

मॉरीन : निम्मी पोरं वर्षभर वाट बघणार नाहीत. बास्केटबॉलकडं जातील, ती परत येत नाहीत. मग माझाही क्लब गेला.

कॉस्टा : मी एक सुचवू? आल्फच्या कागदावरचा ‘विरोध’ खोडायचा...

आयव्हर : नाही.

कॉस्टा : अहो, पेन माझं, हात माझा. तुम्ही खिडकीबाहेर बघा.

आयव्हर : एकतीस वर्षांत मी गोलसुद्धा कुणाच्या सांगण्यावरून लिहिला नाही. दोनशे चौदा गुण विरुद्ध तीन असा निकाल होता, तरी ते तीन लिहिले.

कॉस्टा : ते आमचे होते.

मॉरीन : थांबा. आयव्हर, तुमचा क्लब कुठला?

आयव्हर : माझा कुठला? मी चिटणीस.

मॉरीन : त्याआधी. खेळायचात तेव्हा.

आयव्हर : टॅनरी फ्लॅट्स. तो केव्हाच बुडाला. ज्या वर्षी पुलाचं काम निघालं त्या वर्षी.

मॉरीन : आजीव सभासद कोण कोण उरलेत?

आयव्हर : क्लॅरी गेला. नंतर बर्ट. मागच्या हिवाळ्यात वॉली.

मॉरीन : आणि?

कॉस्टा : बोला की, साहेब.

आयव्हर : मला वाटलं आल्फ देईल. म्हणून मी काही बोललो नाही.

कॉस्टा : म्हणजे चौथं मत सकाळपासून इथं बसून चहा पितंय, आणि ही बाई केक घेऊन गावभर हिंडतीय.

मॉरीन : कॉस्टा, गप्प बस जरा. आयव्हर, मी जबरदस्ती करणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर पोरांच्या आईबापांना मी सांगेन काहीतरी.

आयव्हर : काय सांगशील?

मॉरीन : अजून सुचलं नाही.

आयव्हर : ...उभं राहावं लागतं. कलमात तसं आहे. हात दे, गुडघा धरलाय.

कॉस्टा : हा घ्या. सावकाश.

आयव्हर : टॅनरी फ्लॅट्स क्लब. ठरावाच्या बाजूनं. एकूण चार, विरोधात एक. लीग बंद. लिहिलंस का?

मॉरीन : लिहिलं.

आयव्हर : वेळ घाल. चार अडतीस. आणि निघ, पुलावर गर्दी असते.

मॉरीन : आयव्हर, येत्या मोसमात आमच्या फाटकावर माणूस लागेल. शनिवारी. तिकिटं फाडायला.

आयव्हर : किती वाजता उघडतात फाटक?

मॉरीन : त्यांच्या नियमानं बाराला.

आयव्हर : आमच्याकडं साडेअकराला उघडायचं.