बंद गाडीचा वाजवी भाव

मी, पडदेवाल्या काकू (गल्लीत याच नावाने विचारावे, दुसऱ्या नावाने कोणी घर दाखवणार नाही), वय एकसष्ट, धंदा पडदे व सीट कव्हर शिवणे, राहणार बेकरीमागची गल्ली, शेवटचे घर. आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

सदर पत्त्यावर मी, माझे पती, मुलगा व सून असे राहतो. पती बस ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. निवृत्त झाल्यावर लोक घरी बसतात, आमच्या ह्यांनी चाकांवरचे घरच जुन्या बाजारातून विकत आणले. आत झोपायची, स्वयंपाकाची, हातपाय धुवायची सगळी सोय. कागदावर तिला मोटारहोम म्हणतात, आम्ही नुसती गाडी म्हणतो. जग फिरू म्हणाले होते. दोन सहली झाल्या. दुसऱ्या सहलीहून गाडी दोर बांधून ओढत परत आणली. तेव्हापासून ती अंगणात उभी आहे आणि माझ्या कपडे वाळत घालायच्या दोरीचे एक टोक तिच्या आरशाला बांधलेले आहे.

गाडीची स्थिती विचारल्यावरून सांगते की, इंजिन जाम आहे, छत गळते, बेसिनखालची फळी कुजली आहे, वायरिंग उंदरांनी खाल्ले आहे. टायरांना भेगा आहेत. पडदे व गाद्यांची कव्हरे मात्र उत्तम आहेत, कारण ती मी शिवली आहेत.

ही गाडी घ्यायला आमचे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, तयार झाले. त्यांचा पूर्वी छापखाना होता. माणूस अबोल. विहीणबाई गेल्या त्याला वर्ष होत आले. त्या वेळी मुलाने व सुनेने त्यांना इकडेच राहायला या म्हणून पुष्कळ विनवले, मीही विनवले. "लेकीच्या सासरी जाऊन बसलो तर लोक तोंडात शेण घालतील," एवढेच म्हणाले. त्यानंतर एकाएकी त्यांना गाडीची आवड उत्पन्न झाली. आधी रविवारी येत, मग एक दिवसाआड. आत एकटेच बसत. काय बघता, असे विचारले तर म्हणत, "ओल बघतो." ओल बघायला स्वतःचा कप आणि उशी लागते हे मला ठाऊक नव्हते. बसायची जागाही ठरलेली, जिथून आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. मी मेली त्यांच्याकडून पडद्यांचे कौतुक ऐकण्यात दंग.

आज सकाळी दोघांच्या संमतीने नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला किंमत ठरवायला बोलावले. त्याने गाडीखाली सरपटून व छतावर चढून पाहिले आणि हात पुसत सांगितले, "चालू असती तर चार लाख आले असते. चालू करायला तीन लागतील. राहिला एक. एक लाख वाजवी." विषय इथे संपायला हवा होता. पण एकीकडे आमचे हे आणि दुसरीकडे व्याही.

पती म्हणाले, "एक लाख? छे छे! घरच्या माणसाकडून एवढे घ्यायचे? साठ हजार द्या."

व्याही म्हणाले, "मी काय दान मागायला आलोय? दीड लाख घ्या."

"पन्नास. फळी कुजलीय."

"दोन. या विहीणबाईंनी शिवलेले पडदे आहेत."

"चाळीस. उंदीर आहेत अहो!"

"तीन!"

मी जन्मभर गिऱ्हाइकांशी घासाघीस केली, उलटी घासाघीस आज प्रथम पाहिली. असले गिऱ्हाईक माझ्या दाराशी कधी फिरकले नाही. गॅरेजवाल्याने कपाळाला हात लावला आणि "तुमचं ठरलं की कळवा" म्हणून तो निघून गेला.

शेवटी पती हट्टाला पेटले. म्हणाले, "बरं, तीन तर तीन. पण त्यातून मी इंजिन करून घेतो, आणि स्वतः चालवत नेऊन तुमच्या दारात उभी करतो." माझ्या मते याहून सरळ बोलणे असू शकत नाही. यावर व्याही लालबुंद झाले. "इंजिनला हात लावायचा नाही!" असे ओरडले. ज्या माणसाचा आवाज पोरीच्या लग्नातसुद्धा कोणी ऐकला नव्हता, त्याचा पार बेकरीपर्यंत गेला. पती म्हणाले, "उभा जन्म बस चालवली मी. बंद गाडी व्याह्याच्या गळ्यात मारली तर लोक थुंकतील माझ्यावर." व्याही म्हणाले, मला बंदच पाहिजे. पती म्हणाले, बंद मी देणार नाही.

तेव्हा व्याह्यांनी नोटांचे पुडके गाडीच्या खिडकीतून आत टाकले. पतींनी ते बाहेर फेकले. व्याह्यांनी परत आत टाकले. पुढच्या खेपेला पतींचा नेम चुकला आणि पुडके भिंतीपलीकडे क्लासवाल्या मॅडमच्या धुण्याच्या बादलीत पडले. मग दोघांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या. कॉलर धरूनसुद्धा दोघे एकमेकांना "अहो" म्हणत होते, हे नमूद करावे. मॅडमनी भिंतीवरून डोकावून पाहिले आणि खंडणीचा प्रकार म्हणून पोलिसांना फोन केला. मॅडमविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. फक्त पैसे देणाराच कॉलर धरून "घ्या, घ्या" म्हणतो अशी खंडणी त्यांनी कुठे पाहिली, ते त्यांना विचारावे. नोटा सध्या ठाण्यातल्या पंख्याखाली वाळत आहेत, त्या मोजून परत मिळाव्यात.

ठाण्यात आणल्यावर दोघांना बाहेरच्या बाकावर दोन टोकांना बसवले. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. एवढ्यात सून कामावरून धावत आली. मला धास्ती ही, की आता ही पोरगी बापाची बाजू घेणार की सासऱ्याची, आणि कुठलीही घेतली तरी उद्यापासून घरात ताटे आपटणार. तिने कोणाचीच घेतली नाही. बापासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "बाबा, बंद गाडी घेऊन तुम्ही करणार तरी काय?"

व्याही फरशीकडे बघतच म्हणाले, "चालू झाली तर तिथून हलवावी लागेल ना."

मग स्वतःच पुढे म्हणाले,

"बंद असली की अंगणातच राहील. विकतची, रोख पैसे मोजून घेतलेली. पुढचं पुढं. मग कोण काय बोलणार?"

 खोटे कशाला बोलू, मला राग आला. वर्षभर या माणसाला चहा पाजला, एकदा तोंड उघडून सांगायला काय धाड भरली होती? मी तसे त्यांना बोलूनही दाखवले. ते "चुकलं" म्हणाले.

माझे पती बाकावर सरकत सरकत त्यांच्या शेजारी गेले. म्हणाले, "व्याहीबुवा, इंजिन काढूनच टाकू. त्या जागेत तुमचं कपाट मस्त बसेल." हवालदारसाहेब, हे वाक्य आहे तसे लिहावे. हा माणूस रोज सकाळी दात घासता घासता त्या मेलेल्या इंजिनाचे बॉनेट उघडून आत बघतो. कशासाठी ते मी आजवर विचारलेले नाही. आता नवीन गाडी घेऊ, असे तो कधी म्हणाला नाही, कारण त्याला हीच चालवायची होती.

व्याह्यांनी विचारले, "मग किंमत?" पती म्हणाले, "बिनइंजिनाची म्हणजे वीस हजार." व्याही म्हणाले, "तीन लाख, जागेसकट." दोघे पुन्हा उठून उभे राहिले. तेव्हा मी त्यांना खाली बसवले आणि भाव मी ठरवला. गॅरेजवाल्याने सांगितलेला एक लाख कायम. इंजिन भंगारात द्यायचे आणि त्याचे जे येतील त्यातून छत गळायचे थांबवायचे. दोघांनी कुरकुर केली. मी लक्ष दिले नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. व्याह्यांचा पत्ता लिहून घेताना ते त्यांच्या घराचा सांगू लागले होते. तो खोडावा आणि तिथे माझा लिहावा.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, मी सांगितला तसाच उतरला आहे आणि खरा आहे.