घर तारण ठेवलं त्या दिवशी

मी बायकोला बारीकसारीक सगळं सांगतो म्हणून तुम्ही मला हसता ना, त्याचं कारण आज सांगून टाकतो.

माझं मोबाईलचं दुकान बंद पडलं, तेव्हा वर्षभर घरखर्च मी क्रेडिट कार्डांवर आणि उसन्या पैशांवर चालवला. सुनीताला फक्त एकाच कर्जाचं सांगितलं होतं. शेवटी जठारपेठेतलं घर बँकेत तारण ठेवायचं आणि सगळी देणी एकदम फेडायची, असं ठरवलं. घर दोघांच्या नावावर, त्यामुळे सहीसाठी तिला न्यावंच लागलं.

बँकेतल्या साहेबांनी तिच्यासमोर माझ्या देण्यांची यादी वाचली. पाच कर्जं निघाली. माझी मान काही वर होईना.

"ताई, हप्ते थकले तर घर जाऊ शकतं. विचार करायला वेळ हवा का?" साहेबांनी विचारलं.

"नाई," ती म्हणाली आणि तिनं सही केली.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "आता तरी सगळं झालं ना? का अजून कोनाचे राह्यले?"

मी नाही म्हणणारच होतो. पण तिचा आवाज कापत होता, मग खोटं बोलवेना.

"तुह्या भावाकडून घेतले. तुले सांगू नको, अशी शप्पथ घातली होती त्याले."

"मले माईत हाय. त्यानं तवाच फोन करून इचारलं, देऊ काय म्हून. मीच दे म्हटलं."

"मंग इतके दिवस बोलली कावून नाई?"

"तुमी सांगसान म्हून वाट पाहून राह्यली होती."