परीक्षा समजून छाती दाबल्याबाबत

मी, संध्या रघुनाथ धात्रक, वय ६३ वर्षे, सेवानिवृत्त नर्सिंग शिक्षिका, सध्या आपत्कालीन उपचारांच्या संशोधन प्रकल्पात प्रशिक्षक, शिक्षण बी.एस्सी. नर्सिंग (१९८४), राहणार दिंडोरी रोड, नाशिक. जीपचालक भिका सोमा गावित याने प्रवाशाला मारहाण केल्याच्या तक्रारीवरून आज गुरुवारी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

आमच्या प्रकल्पात सुरगाणा-पेठ मार्गावरच्या चाळीस जीपचालकांना सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरते ठेवणे, शिकवले आहे. माणूस कोसळल्यापासून चालकाचे हात छातीवर पडेपर्यंत किती सेकंद जातात, हे आम्ही मोजतो. त्यासाठी आधी न सांगता खोटा रुग्ण पाठवायचा असतो. ही परीक्षा मंगळवारी आहे, हे जीप थांब्यावरच्या चहावाल्या विठाबाईंना कळले होते. म्हणजे सगळ्यांना कळले होते.

मंगळवारी सकाळी मी पेठ रोडवरच्या जीप थांब्यासमोर स्टॉपवॉच घेऊन उभी होते. खोटा रुग्ण, आमचा विद्यार्थी मयूर, वाहतुकीत अडकला होता. १०.४२ वाजता घोटीचे सावळीराम गतीर, वय ५८, जीपमध्ये चढताना कोसळले. मी स्टॉपवॉच सुरू केले आणि रस्ता ओलांडायला धावले. स्टॉपवॉच का सुरू केले, याचे कारण देता येत नाही. सवय.

सतराव्या सेकंदाला भिकाचे हात छातीवर होते. प्रकल्पात आजवर तिसाच्या आत कोणीही आलेले नाही.

तो मोठ्याने आकडे मोजत होता आणि हसत होता. मध्येच म्हणाला, "बाबा, ॲक्टिंग लय भारी करता, पण मी नाय फसायचा." तक्रारदार योगेश, सावळीराम यांचा मुलगा, भिकाचा शर्ट ओढत ओरडत होता, "श्वास चालूय त्यांचा, मारतो काय?" भिका म्हणाला, "तू पण मॅडमचाच ना? सरक, माझे मार्क जातील." आणि त्याने योगेशला कोपराने ढकलले. एवढे खरे आहे.

श्वास चालू नव्हता. तोंड उघडून मधूनमधून लागणारी ती धाप होती. हृदय थांबल्यावर थोडा वेळ तशी लागते आणि घरच्यांना तो श्वास वाटतो. भिकाला वाटला नाही, कारण ते मी त्याला शिकवले आहे.

मी नाडी पाहिली. नव्हती. १०८ ला फोन केला. रुग्ण खरा आहे, हे मी भिकाला सांगितले नाही. जाणूनबुजून सांगितले नाही. त्याचे हात बरोबर जागी, हवे तेवढे खोल चालले होते. त्यांत भीती शिरू द्यायची नव्हती. दर दोन मिनिटांनी मी आणि तो आलटून पालटून दाबत होतो. मी पहिल्यांदा त्याची जागा घेतली तेव्हा त्याने विचारले, "माझं चुकलं काय, मॅडम?" मी म्हणाले, "नाही. दम घे, पुन्हा तूच यायचंय."

रुग्णवाहिका १०.५३ ला आली. पहिल्याच विजेच्या झटक्याने ठोके परत आले. मॉनिटरवर ते मी पाहिले. त्या वेळी मी मोठ्याने काहीतरी बोलले, असे विठाबाई सांगतात.

रुग्णवाहिका गेल्यावर भिका म्हणाला, "गाडी पण तुमचीच ना, मॅडम? मार्क किती?" मी म्हणाले, "भिका, ते खरे पेशंट होते." तो जीपच्या पायरीवर बसला.

सावळीराम यांच्या दोन बरगड्या मोडल्या आहेत. नीट दाबले की मोडू शकतात. भिकाला ठाण्यात बोलावल्यापासून बाकीचे चालक म्हणतात, "आता कोणी पडला तरी हात लावायचा नाय." गुन्हा नोंदवायचाच असेल, तर शिकवणारी म्हणून आणि गप्प राहणारी म्हणून आधी माझे नाव घालावे.

हा जबाब चालू असताना ११.२० वाजता रुग्णालयातून योगेशला फोन आला. सावळीराम शुद्धीवर आले असून, "माझ्या छातीवर कोण बसलं होतं?" असे विचारत आहेत. योगेश बाकावरून उठून भिकाजवळ गेला. काय बोलला ते मला ऐकू आले नाही, म्हणून ते माझ्या जबाबात घालू नये.

जबाब मला वाचून दाखवला. दोन ठिकाणी मी दुरुस्ती करायला लावली. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करते.