पंपाची जाळी

हॅलो?… हो ताई, मीच. हळू बोलते, बाबा अंगणात डुलकी घेतायत… नाही गं, ते बरे आहेत. पंप बिघडलाय… नुसता घूं घूं करतो, पाणी वर चढवत नाही. घर कसं गप्प झालंय. नळ सोडला की नुसता श्वास येतो.

हो, हो… पंपवाला सकाळीच खोलून गेला… काय निघणार? खालच्या टाकीतली रेती, कुजकी पानं आणि बनियनची चिंधी… हसू नकोस! बाबांच्याच बनियनची.

आहे ना फिल्टर! पण आतली जाळीच नव्हती… हो, धुवायला त्यांनीच काढली होती… नाही बसवली परत…

ताई, पुन्हा तेच नको. ‘विसरायला लागलेत, माझ्याकडे आणून सोड’… चष्मा कोण विसरत नाही?… अगं ऐक ना! मलाही तेच वाटलं. तुझी ती खोली, ती लिफ्ट, खिडकीशी बसलेले बाबा, सगळं डोळ्यांपुढे आलं. तरी विचारलं, बाबा, जाळी कुठे ठेवलीत? तर ओठांवर बोट! हात धरून मागच्या भिंतीपाशी घेऊन गेले…

सांगते ना, दम धर. कोनाड्यात वाळत ठेवलेली ती पेल्याएवढी जाळी, आणि तिच्यात कापूस, काड्या, आपल्या पडद्याचा एक निळा धागा… हो गं, पाखरू! चिमूटभर जीव. भुर्रकन उडालं, तर खाली अंडी. जाळीतून ऊन गळत होतं, अंड्यांवर चांदण्याच चांदण्या… मी कशाला आले होते तेच विसरले, ताई.

ते काही विसरले नव्हते. जाळी काढायचं मन होईना, म्हणून टाकीतल्या पाइपाच्या तोंडाला जुनं बनियन बांधलं, पाणी गाळून यावं म्हणून… हो, वेडेपणाच. पंपाने गिळलं.

सांगितलं ना त्यांना, तू बोलावतेस म्हणून… म्हणाले, ‘पिल्लं उडू देत, मग बघू. तोवर बादलीनं भरू.’

अगं ताई, रडतेस काय, वेडाबाई.

काय?… तू येतेस? त्यांना न्यायला?… मग?… नवी जाळी घेऊन! हो, हो, तेवढीच, पेल्याएवढी… थांब, उठले बघ. हातवारे करतायत, हळू बोल म्हणून… आई परत आलीय घरट्यात. ठेवते हं… आणि ताई, येशील तेव्हा फाटक वाजवू नकोस.