डावा वडिलांचा, उजवा सासऱ्यांचा

दुरुस्तीच्या दुकानात मांडीवर मिक्सर घेऊन बसलेल्या बाईंनी ‘माझा नंबर कधी’ हे विचारायचं सोडून दिलं, कारण काउंटरपाशी एक बोटवाला, त्याचे वडील आणि त्याचे सासरे उभे होते.

“बोटीतल्या स्पीकरमधून गाणं पोकळ येतं. गाणारा विहिरीत बसलाय असं वाटतं,” बोटवाला म्हणाला.

“माझ्या बाजूला खणखणीत येतं,” वडील म्हणाले.

“माझ्याही,” सासरे म्हणाले.

“तुम्ही कुठे बसता?” दुरुस्तीवाल्याने बोटवाल्याला विचारलं.

“सुकाणूवर. ह्या दोघांच्या मधोमध.”

“आणि तारा कुणी जोडल्या?”

“डाव्या स्पीकरच्या मी, उजव्याच्या व्याह्यांनी,” वडील म्हणाले. “ हात कसबी आहे त्यांचा, फक्त लाल-काळ्या तारेकडे लक्ष गेलं नसावं.”

“गेलं होतं ना,” सासरे म्हणाले. “ म्हणून तर तुमच्यासारखं जोडलं नाही.”

“दोन्ही स्पीकर ठणठणीत आहेत,” दुरुस्तीवाला म्हणाला. “ पण एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, त्यामुळे मधल्या माणसाच्या वाट्याला काही उरत नाही. एकाच्या तारा उलट करू. कुणाच्याही चालतील.”

“मग व्याह्यांच्या करा,” वडील म्हणाले.

“छे छे, पहिला मान त्यांचा,” सासरे म्हणाले.

दोघेही बोटवाल्याकडे बघायला लागले.

“दादा,” बोटवाला दुरुस्तीवाल्याला म्हणाला, “सुकाणू कडेला सरकवून देणारं कुणी आहे का ओळखीत?”